आपल्या आज्याचं नाव सरकारच्या कपाटात आहे

(वनहक्क समित्यांच्या तालुका शिबिरात केलेलं भाषण. ज्या पाड्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी सबंध देत आहोत. ज्याला वाचता येतं त्याने पाड्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवावं.)



कायदा काय आहे ते मागच्या बैठकांत बोलून झालं. आज एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. पुरावा कुठे मिळतो आणि तो कसा मागायचा. दाव्याचे अर्ज भरायला घेतले आणि पाड्यापाड्यातून एकच आवाज येतोय, "आमच्याकडे कागद नाही."

आम्ही म्हणतो, कागद आहे. तुमच्या घराच्या कुडात खोचलेला नसेल, पण सरकारच्या कपाटात आहे. शंभर वर्षांवर जंगलखातं आपल्या मागे लागलेलं आहे. गार्ड आला, औत नेलं, कोयता नेला, नाव लिहिलं. तलाठी आला, अतिक्रमण म्हणून नाव लिहिलं. कोर्टाचं समन्स आलं, तिथे नाव लिहिलं. आपल्याला हाकलायला ज्यांनी नाव लिहिलं, त्यांनीच लिहून ठेवलंय की हा माणूस या जमिनीवर होता. चोर म्हणून लिहिलं असेल. आपल्याला त्या कागदातून तीनच गोष्टी पाहिजेत: नाव, जागा आणि तारीख.

आधी दोन गैरसमज काढून टाकू.

पहिला गैरसमज, "७५ वर्षांचा पुरावा लागतो." ही अट इतर पारंपरिक वननिवाशांना आहे, तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची. आदिवासींना ती नाही. आपण १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो आणि कसतो आहोत, एवढं दाखवायचं आहे. कुणी साहेब आदिवासीकडे ७५ वर्षांचा कागद मागत असेल तर त्याला म्हणा, "हे लिहून द्या." लिहून देणार नाही.

दुसरा गैरसमज, "दंडाची पावती असेल तरच दावा." १ जानेवारी २००८ पासून नियम लागू झाले. त्यातल्या नियम १३ मध्ये पुराव्यांची लांब यादी आहे. त्यातले निदान दोन पुरावे जोडायचे. त्या यादीत सरकारी नोंदी आहेत, नकाशे आहेत, कोर्टाचे निकाल आहेत, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती आहे. जमिनीवर घातलेला बांध आहे, विहीर आहे, मसणवट आहे, देवाची जागा आहे. वंशावळ आहे. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेलं लिहून काढलेलं कथनसुद्धा आहे, फक्त तो म्हातारा स्वतः त्या दाव्याचा दावेदार नसला पाहिजे. पावती ही यादीतली एक वस्तू आहे. चांगली वस्तू आहे, पण एकच.

आता कपाटं एक एक करून उघडू.

पहिलं कपाट जंगलखात्याचं. रेंज ऑफिसात गुन्ह्यांची नोंदवही असते. प्रत्येक गुन्ह्याचा प्राथमिक गुन्हा अहवाल असतो, आपण त्याला पी.ओ.आर. म्हणतो. त्यावर नंबर, तारीख, नाव, बापाचं नाव, कंपार्टमेंट नंबर आणि काय केलं ते असतं: "नांगरणी केली", "झाडोरा तोडून साफ केलं". त्याच्यासोबत जप्तीचा पंचनामा आणि दंड घेतला असेल तर पावती. आपली पावती पावसात भिजली, वाळवीने खाल्ली, तरी तिचं स्थळपत्र ऑफिसात राहायला पाहिजे. ज्यांना एकसाली प्लॉट मिळाले होते त्यांची नोंद आणि खंडाच्या पावत्या असतात. रायगडच्या बाजूच्या कातकरी-ठाकर बांधवांच्या दळीच्या नोंदीही जंगलखात्याकडे आहेत. सरकारने दिलेला जुना पट्टा किंवा लीज असेल तर ते हक्कात बदलून घेण्याची सोय याच कायद्यात आहे.

आणखी एक कागद आठवा. ३ मे २००२ ला दिल्लीच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र धाडलं की ३० सप्टेंबरपर्यंत जंगलातली अतिक्रमणं काढा. त्या वर्षी ज्याला नोटीस आली, त्याच्या घरात रडारड झाली. ती नोटीस कुठे असेल तर शोधा. २००२ ची नोटीस म्हणजे २००५ च्या आधी तुम्ही तिथे होता याची सरकारी सही.

दुसरं कपाट कोर्टाचं. तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात आपल्यातल्या कितीतरी लोकांवर जंगल कायद्याचे खटले चालले. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ म्हणजे राखीव जंगल. कलम ३३ म्हणजे संरक्षित जंगल. निकालपत्रात जागा असते, तारीख असते, आणि गार्डाने शपथेवर सांगितलेलं असतं की मी याला नांगर धरताना पाहिलं. यापेक्षा चांगला साक्षीदार आपण कुठून आणणार?

कोर्टात माहितीच्या अधिकाराचा अर्ज घेऊन जाऊ नका. तिथे नक्कल अर्ज द्यायचा असतो, कोर्ट फी स्टँप लावून, नक्कल विभागात. खटल्याचा नंबर आणि वर्ष लागतं. समन्स असेल तर त्यावर नंबर आहे. नसेल तर पी.ओ.आर.चा नंबर जंगलखात्यातून आणा, त्यावरून खटला सापडतो. ज्या वकिलाने काम चालवलं त्याच्याकडे जुनी फाईल असते, तिथेही विचारा. आणि निकाल मिळाला की आधी समितीत बसून नीट वाचा. आरोपी निर्दोष सुटला असेल तर कशावर सुटला ते बघा. तेव्हा वकिलाने "हा माणूस त्या जागी नव्हताच" असं म्हणून सोडवलं असेल, तर तो निकाल आज आपल्याच विरुद्ध बोलेल. साक्षीदार फुटला म्हणून सुटला असेल, तर गोष्ट वेगळी.

तिसरं कपाट तलाठी-तहसीलचं. सातबारा सगळ्यांना माहीत आहे. पण जंगलात कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर बहुतेक नसतं. म्हणून दुसरे नमुने मागा. गाव नमुना एक-अ म्हणजे वनजमिनींची नोंदवही. गाव नमुना एक-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही. त्यात कोणी किती जमीन धरली, कधी धरली ते लिहितात. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार. आजा मेला, वारस लागले, जमीन कुणाच्या नावावर गेली हे फेरफारात कळतं. जुन्या कागदावर आज्याचं नाव आणि दाव्यावर नातवाचं, यांना जोडणारा दुवा वंशावळ आणि फेरफार. जुना गाव नमुना चौदा म्हणजे पूर्वीचं जन्म-मृत्यूचं पुस्तक, कोतवाल बुक. त्यात बापाचं नाव आणि जातही सापडते. जातीच्या दाखल्यालाही तेच कामाला येतं.

याच ऑफिसात १९७८ चे कागद आहेत. २७ डिसेंबर १९७८ ला शासन निर्णय निघाला की ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायची. त्या वेळी चौकशी झाली, जबाब घेतले, याद्या केल्या. ज्यांना तेव्हा जमीन मिळाली नाही त्यांचीही नावं त्या कागदांत असतात. नामंजूर झालेल्या यादीतलं नावसुद्धा सांगतं की हा माणूस तेव्हा तिथे होता.

चौथं कपाट भूमी अभिलेखचं. तिथे गावचा नकाशा, टिपण, फाळणी. आपला पाडा, ओढा, पायवाट, मसणवट नकाशावर दिसते का बघा. सामूहिक हक्काच्या दाव्याला ते लागेल.

पाचवं कपाट गावातच आहे. ग्रामपंचायतीची घरपट्टी, शाळेचं जनरल रजिस्टर, जुन्या मतदार याद्या. आणि कोंडवाडा. जंगलात चरताना आपली गुरं पकडून कोंडवाड्यात घातली, पैसे भरून सोडवली, पावती मिळाली. ती पावती सांगते की या गावाची गुरं त्या जंगलात चरत होती. चराईच्या सामूहिक हक्काला याहून सोपा कागद नाही. तिला कुणी किंमत देत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

जव्हार, मोखाड्याच्या बाजूच्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. जव्हार हे संस्थान होतं, १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थानच्या वेळचे कागदसुद्धा नियम १३ ला चालतात. त्यातले कागद मोडीत असायचे. मोडी वाचणारा माणूस शोधावा लागेल. प्रत्येक पाड्याने वेगळा शोधू नये, तालुक्याला एक बस झाला. आणि १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये वारली, कातकरी, ठाकर यांची माहिती आहे, जव्हारचीही आहे. त्यात तुमच्या आज्याचं नाव नाही, पण आपली माणसं इथे केव्हापासून आहेत ते आहे. खानेसुमारीचंही तसंच. गावाची लोकसंख्या मिळते, पण घराघराची माहिती गुप्त असते, ती कुणालाच देत नाहीत. तिच्यामागे वेळ घालवू नका.

आता मागायचं कसं?

एकट्याने जायचं नाही आणि तोंडी मागायचं नाही. तोंडी मागितलं की उत्तरही तोंडी मिळतं: "साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या." सोमवारी गेलं की बुधवारी. रोज बुडतो, गाडीभाडं जातं, आणि आपण मागितलं होतं याचा पुरावाच राहत नाही.

नियम १२(४) पाठ करा. ग्रामसभेने किंवा वनहक्क समितीने लेखी मागितलं, तर जंगलखात्याने आणि महसूलने माहिती, नोंदी, कागद यांच्या साक्षांकित प्रती द्यायच्याच आहेत. आणि कागद समजत नसेल तर अधिकारी पाठवून समजावून द्यायचा आहे. जंगलाचे आणि महसूलचे नकाशे, मतदार याद्या पुरवणं हे तर उपविभागीय समितीचं कामच नियम ६ मध्ये लिहिलंय. हे मेहरबानीचं काम नाही.

अर्जाचा मजकूर असा ठेवा:

"प्रति, मा. वनपरिक्षेत्र अधिकारी. विषय: वनहक्क नियमांतील नियम १२(४) प्रमाणे कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळणेबाबत. आमच्या गावातील व पाड्यांतील खालील व्यक्तींच्या नावे १३ डिसेंबर २००५ पूर्वी नोंदवलेले प्राथमिक गुन्हा अहवाल, पंचनामे, दंडाच्या पावत्या, नोटिसा व एकसाली प्लॉटच्या नोंदी यांच्या प्रती द्याव्यात. यादी सोबत जोडली आहे. कागद उपलब्ध नसल्यास तसे लेखी कळवावे."

खाली समितीच्या अध्यक्षाची आणि सचिवाची सही, ग्रामसभेच्या ठरावाची तारीख. दोन प्रती न्यायच्या. एकीवर शिक्का, सही, तारीख घेऊन परत आणायची. ही पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठायचं नाही.

शेवटचं वाक्य विसरू नका, "उपलब्ध नसल्यास लेखी कळवावे." काही कागद सरकार कायम ठेवतं, काही ठराविक वर्षांनी नष्ट करतं. "नष्ट केले" म्हणाले तर नष्ट केलेल्या कागदांची यादी मागा. आणि "सापडत नाही" असं लेखी आलं तरी ते दाव्याला जोडा. आपण शोधलं, सरकारनेच हरवलं, हे त्यावरून दिसतं.

यानेही हललं नाही तर माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. दारिद्र्यरेषेखालचा असेल तर दाखला जोडायचा, फी नाही. कशाला पाहिजे हे विचारायचा त्यांना हक्क नाही. तीस दिवसांत उत्तर. नाही आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्याच ऑफिसच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. मग नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे. मुदतीत दिलं नाही तर नंतर प्रती फुकट द्याव्या लागतात. लिहिता येत नसेल तर माहिती अधिकाऱ्याने लिहून घ्यायला मदत करायची आहे, हे कायद्यात आहे. आणि नुसती प्रत मागायची नाही, नोंदवही बघायचाही हक्क आहे. नंबर माहीत नसतो तेव्हा आधी बघणं मागा. दोन शिकलेली पोरं आणि एक म्हातारा असे तिघे जा. पोरं वाचतील, म्हातारा ओळखेल.

म्हातारा कशाला? नावांसाठी. लिहिणारा बाहेरचा, त्याला आपली नावं कळत नाहीत. एकच माणूस एका कागदावर जान्या, दुसऱ्यावर जानू, तिसऱ्यावर जान्हू. आडनाव कधी आहे, कधी नाही. बापाच्या जागी भावाचं नाव. म्हाताऱ्याला माहीत असतं की हा तोच. मग ग्रामसभेत ठराव करायचा की या तीन नावांचा माणूस एकच आहे. सरकारच्या चुकीपायी आपला दावा जाऊ द्यायचा नाही. पावतीवर जमीन अर्धा एकर आणि कसतो तीन एकर, असंही निघेल. गार्डाने बांधावर उभं राहून अंदाजाने लिहिलेलं असतं. पावती माणूस तिथे होता हे सांगते, जमीन किती ते समिती जागेवर जाऊन मोजेल. कायद्यातली हद्द चार हेक्टरची आहे.

बायांचं काय? जुन्या कागदांत बाईचं नाव शोधून सापडत नाही. औत बाप्याचं म्हणून गुन्हा बाप्यावर. पण राब भाजताना, नागली लावताना, निंदताना बाई होती. कायद्याने लग्न झालेल्यांचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावाने मिळतो. दाव्यावर दोघांची नावं पाहिजेत. विधवेने नवऱ्याच्या नावची पावती जोडायची आणि दावा स्वतःच्या नावाने करायचा. दिराने "मी बघतो" म्हटलं तरी.

आता भीतीबद्दल. काही जण म्हणतात, पावती दाखवली तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, आत टाकतील. म्हणून कितीकांनी पावत्या चुलीत घातल्या. ऐका. या कायद्याच्या सुरुवातीलाच सरकारने लिहिलंय की वननिवाशांवर ऐतिहासिक अन्याय झाला. आणि कलम ४(५) सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून काढता येणार नाही. जुनी पावती लपवायची वस्तू राहिलेली नाही. ज्या हाताने दंड भरला, त्याच हाताने ती दाव्याला लावायची.

दुसरी गोष्ट कडक सांगतो. बाजाराच्या दिवशी कुणी येऊन म्हणेल, पाचशे रुपये दे, जुन्या तारखेचा कागद करून देतो. त्याला चहा पाजू नका. एक खोटा कागद पकडला गेला की त्या पाड्याचे पन्नास खरे दावे त्याच्यासोबत बुडतात. आपल्याकडे खरं आहे. खरं असणाऱ्याने खोट्याचा आधार घेतला तर साहेबाला आयतं कोलीत मिळतं.

तिसरी गोष्ट. ऑफिसातून यादी आली की त्यात सगळ्या गावाची नावं असतात. कुणाची किती जमीन, कुणावर किती गुन्हे. ती यादी समितीच्या पेटीत राहील. भांडण झालं म्हणून शेजाऱ्याचा गुन्हा चावडीवर वाचायचा नाही. सातबारा कुणालाही मिळतो, ती उघडी नोंद आहे. पण शाळेचा दाखला, जातीचा दाखला ज्याचा त्याचा. त्याला विचारून, त्याच्याच कामासाठी काढायचा.

आणि शेवटचं. ज्याच्यासाठी हे सगळं बोलायला उभे राहिलो ते हे.

सगळी कपाटं उघडून झाल्यावरही काही माणसांचं नाव कुठेच निघणार नाही. कातकरी बांधव पाहा. पावसाळ्यात जमीन कसायची, दिवाळी झाली की वीटभट्टीवर. मतदार यादी करायला आले तेव्हा भट्टीवर, रेशनकार्ड करायला आले तेव्हा भट्टीवर. गार्डाला दंड भरायला पैसे नव्हते म्हणून कोंबडी दिली. कोंबडीची पावती कोण देतं? ज्याच्याकडे चार पैसे होते त्याच्याकडे पावती आहे, ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याच्याकडे कागदही नाही. मग आपल्याच सभेत कुणी म्हणतं, "त्याचा पुरावा नाही, त्याचा दावा ठेवू नका, आपल्याला अडचण होईल."

हे वाक्य साहेबाचं आहे. ते आपल्या तोंडात येता कामा नये.

त्याच्यासाठी नियम १३ ने दोन दरवाजे ठेवलेत. जमिनीवर चला. बांध बघा, झोपडीचा जोता बघा, देवाचा दगड बघा. जागेवर पंचनामा करा, तो एक पुरावा. दुसरा पुरावा पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांचं कथन. "आम्ही याच्या बापाला इथे वरई पेरताना पाहिलंय." लिहून काढा, अंगठे घ्या. झाले दोन. हे काम कुठल्या ऑफिसात होत नाही, ग्रामसभेतच होतं. म्हणून ज्यांच्याकडे पावत्या आहेत त्यांनी आपला दावा भरला की घरी जाऊन झोपायचं नाही. बिनकागदाच्या माणसाच्या जमिनीवर पंचनाम्याला पहिलं त्यांनीच यायचं.

तर येत्या अमावास्येपर्यंत प्रत्येक पाड्याने तीन कामं करावी. एक, घराघरात जुने कागद शोधून समितीने त्यांची यादी करावी. मूळ कागद घरात ठेवावा, दाव्याला झेरॉक्स लावावी. दुसरं, नावांची यादी करून रेंज ऑफिस आणि तहसील दोन्हीकडे नियम १२(४) चा अर्ज द्यावा, पोच घ्यावी. तिसरं, ज्यांच्याकडे एकही कागद नाही त्यांची वेगळी यादी करावी, आणि त्यांच्या जमिनीवर सगळ्यात आधी जावं. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांचं बोलणं लिहून घ्या. कपाटातला कागद उद्याही मिळेल, पण म्हातारं माणूस गेलं की त्याच्यासोबत आठवणही जाते.

पुढच्या बैठकीला येताना अर्जाच्या पोच सोबत आणा. ज्या पाड्याची पोच नसेल त्यांच्यासोबत आपण सगळेच ऑफिसात जाऊ.

जिंदाबाद.